नामावळीबाहेरचं बेट

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाणी तपासणाऱ्या उपेंद्रला जगातल्या एकाच प्रश्नाची भीती वाटायची. "कोण गाव? आडनाव काय?" हा तो प्रश्न. तुम्ही म्हणाल, यात भिण्यासारखं काय आहे? एसटीत शेजारी बसलेला माणूस तिकीट फाटायच्या आत हेच विचारतो. खरं आहे. पण बाराव्या वर्षी, नुकत्याच मुंजीतल्या चकोट डोक्यानं, तुम्ही नाशिकच्या स्टँडवर उतरणाऱ्या यात्रेकरूंच्या मागे धावत हा प्रश्न विचारला असता, आणि त्या गर्दीत तुमचेच गणिताचे सर बायकामुलांसह उभे असते, तर तुम्हालाही तो जन्मभर पुरला असता. सरांच्या मुलांनी ते शाळेत सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांनी "कोण गाव? आडनाव काय?" म्हणत त्याला फळ्यापासून दारापर्यंत पळवलं.

उपेंद्रचे वडील दत्तंभट मुळे, घरातले नाना, रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. घाटावरची आणि घाटाखालची मिळून पाऊणशे गावं त्यांच्याकडे. त्या गावांतलं कुणी अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा नुसतं स्नानाला नाशकात आलं, की त्यांचे विधी करायचा मान मुळ्यांचा. आलेल्यानं आपलं, बापाचं, आज्याचं नाव, कोण वारलं, कोण जन्मलं, ते सगळं स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं आणि खाली आपल्या उपाध्यायाचं नाव घालायचं. लिहिता येत नसेल तर अंगठा. या वह्यांना म्हणायचं नामावळी. पाचपाच पिढ्यांची माणसं त्या लांबट, कापडात बांधलेल्या वह्यांमध्ये एकाखाली एक निजलेली होती.

आणि मुळ्यांच्या घरात एक कायदा होता. यजमानानं ज्याचं नाव लिहिलं तो त्या कुळाला बांधला गेला. पुन्हा वही काही फाडून वाटता येत नाही, म्हणून एका कुळाचा झाला तो अख्ख्या वहीचा झाला, आणि वही काही एकटी नसते. नाना म्हणायचे, "जोवर तुझं नाव आत नाही तोवर तू मोकळा. एकदा लागलं की मला विचारू नकोस."

मग उपेंद्रनं काय केलं? जे कुठलाही शहाणा मुलगा करील तेच. विज्ञानाची पदवी घेतली, एकलहऱ्याला चिकटला, पाळीच्या बसनं जाऊ-येऊ लागला आणि बॉयलरच्या पाण्यात क्षार किती ते मोजू लागला. घाटावर जायचाच तर नानांना सोडायला. त्यांच्यामागे दोन पायऱ्या सोडून वर्तमानपत्र उघडून बसायचा, म्हणजे त्याचा आणि त्यांचा काही संबंध आहे असं लांबून दिसू नये. अठ्ठ्याऐंशी साली त्यानं इंदिरानगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. आठवड्यात नाना आले, आणि नानांमागे रिक्षातून वह्यांची ट्रंक आली. ट्रंक ठेवायची कुठे? दिवाणाखाली. आणि दिवाणावर कोण झोपायचं? उपेंद्र. त्याची बायको कुसुम एकदा हसत म्हणाली, "तुझ्या पाठीखाली पाऊणशे गावं आहेत रे." त्याला हसू आलं नाही. त्याला त्या दिवाणावर खरोखरच झोप लागत नसे.

एक्क्याण्णवच्या थंडीत वीजकेंद्राच्या वसाहतीची सहल कोकणात गेली. पाणदरे नावाच्या एका कोळीवाड्यासमोर समुद्रात एक बेट होतं, शेवंडबेट. पाऊण मैल असेल किनाऱ्यापासून. ओहोटीला मधला खडक उघडा पडतो आणि माणूस चालत बेटावर जातो. भरती आली की रस्ता गडप. वर एक पडका बुरूज, एक गोड्या पाण्याची विहीर, आणि बाकी सगळं पक्ष्यांचं राज्य. सगळी माणसं तासाभरात फोटो काढून परत फिरली. उपेंद्र मात्र खडकातल्या एका डबक्यापाशी उकिडवा बसला तो उठेना. पाणी तपासायची नोकरी करणाऱ्या माणसानं इतकं जिवंत पाणी कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन एक खेकडा चालला होता. त्याला तो शंख लहान होत होता, म्हणून तो दुसरा शोधत होता. पसंत पडला तसा तो क्षणात एकातून निघून दुसऱ्यात शिरला. उपेंद्रचा जीव त्या खेकड्यात अडकला तो कायमचा.

तिथे कालवं फोडत एक कोळीण बसली होती. चाळिशीची, कपाळावर आडवं कुंकू. रंगूबाई तिचं नाव. तिनं वर न बघता विचारलं, "कोन गाव? आडनाव काय?"

"उपेंद्र," तो म्हणाला, "एकलहऱ्याचा." आणि थांबला.

"बरं," रंगूबाई म्हणाली आणि पुढचं कालव फोडायला घेतलं. बस, एवढंच. पुढे आडनावाचं तिनं कधी काढलं नाही. त्या दिवसापासून पाणदऱ्यात तो 'एकलहरेवाले साहेब' झाला. सबंध पृथ्वीवर उपेंद्रला आडनाव नव्हतं अशी ही एकच जागा, आणि त्या सुखाची चटक काय असते ते ज्याला आडनावाचा जाच नाही त्याला कळायचं नाही.

तिथून सुरू झाल्या त्याच्या सहली. आधी कॉलनीतली माणसं, मग इंदिरानगरातली, मग नात्यातून नातं. थंडीच्या चार महिन्यांत दोनतीनदा तो मिनीबस भरून माणसं न्यायचा. बरोबर सावळीराम असायचाच. हा मखमलाबादचा, घरचा फुलांचा मळा, वीजकेंद्रात उपेंद्रच्याच प्रयोगशाळेत मदतनीस, आणि गाडीतली भाजी-भाकरी, दोरी, औषधं सगळं त्याच्याकडे. बेटावर पाऊल टाकण्याआधी उपेंद्र सगळ्यांना खडकावर उभं करून एकच नियम सांगायचा: उलटा केलेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर आहे. मग तो कालवं दाखवायचा, पाण्यात उमलून बोट लावताच मिटणारी समुद्रफुलं दाखवायचा, आणि तो शंखवाला खेकडा. बुरुजापाशी आल्यावर माणसं विचारायची, हा कुणी बांधला? उपेंद्र सांगायचा, "माहीत नाही. कोणी आंग्र्यांची चौकी म्हणतं, कोणी त्याआधीची. लेख सापडलेला नाही." माणसं चक्रावायची. नाशकात वाढलेल्या माणसाला, दर दगडाला एक कथा सांगणारे वाटाडे ठाऊक. 'माहीत नाही' म्हणणारा माणूस आपल्याकडे उपाशी मरेल. पण त्याच्या त्या 'माहीत नाही'वरच लोक पुन्हा पुन्हा यायचे.

बेटावर कधी जायचं ते ठरायचं तिथीवरून. कोळ्यांचं गणित सोपं असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. सहा तासांनी, बाराला, ओहोटी. ओहोटीच्या आधी-नंतर पावणेदोन तास खडक उघडा. हे उपेंद्रला एका दिवसात पाठ झालं, कारण पंचांग त्याच्या हाडात होतं. सातव्या वर्षी नानांच्या मांडीवर बसून तो तिथी, नक्षत्र, करण वाचायला शिकला होता. बापाच्या धंद्यातली तेवढी एकच वस्तू त्यानं टाकली नव्हती. दर थंडीत तो नानांचंच पंचांग उचलून अष्टमी-नवमी-दशमीचे रविवार शोधायचा. नाना विचारायचे, "कुठलं रे ते गाव?" "पाणदरे." "हं," नाना म्हणायचे. "जाऊन ये. सोमवारी मला घाटावर सोडायला पाहिजेस." नानांनी अडवलं कधीच नाही, याचं उपेंद्रला नवल वाटायचं. पण लाभलेल्या सुखाची चौकशी कोण करतो?

दोन हजार साली नानांच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच गेलेला. माणूस सावलीसारखा दिसायचा, अक्षर मुळीच नाही. तेव्हा पहिल्यांदा उपेंद्रनं धीर करून विषय काढला. पंचवटीत त्याच्या चुलतभावाचा मुलगा होता, विश्वेश. पंचविशीचा, वेद शिकलेला, खणखणीत आवाजाचा, आणि मुख्य म्हणजे या कामाची हौस असलेला.

"वह्या विश्वेशला द्या, नाना."

नानांनी वाकून दिवाणाखालच्या ट्रंकेची कडी चाचपली. मग म्हणाले, "पाडव्याला पूजा करून देऊ. तोवर तुझं नाव आत लागलेलं नसलं म्हणजे झालं."

"पंचेचाळीस वर्षांत लागलं नाही, आता काय लागतंय!"

उपेंद्रला आकाश ठेंगणं झालं. त्यानं स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून खणात ठेवला. पाणदऱ्यात रंगूबाईच्या घराची मागची पडवी भाड्यानं घ्यायची, थंडीचे सहा महिने तिथे राहायचं, सहलींचं काम नीट करायचं असा बेत ठरला. कुसुम म्हणाली, "मला विचारलंस का आधी?" मग दोन दिवसांनी तिनंच विचारलं, "तिथे भाजी मिळते का रोजची?" म्हणजे होकारच. रंगूबाईचा नवरा पोशा, साठी ओलांडलेला, बोलायला कंजूस, पण त्यानं निरोप पाठवला की पडवीला नवी कौलं घालतोय. ट्रंक जाणार, पडवी येणार. मधे फक्त पाडवा होता.

पाडव्याच्या आधी एक सहल ठरलेली होती. माघातला रविवार. सावळीराम धरून सव्वीस माणसं. शनिवारी दुपारी पाणदऱ्यात पोचले. रविवारी सकाळी रंगूबाईच्या ओट्यावर चहा पिताना उपेंद्रनं सगळ्यांना वेळा सांगितल्या. "आज दशमी. दहाची पाऊणपट साडेसात, दीडला ओहोटी. बाराला निघू, तीनला बेट सोडू, सव्वातीनला किनाऱ्यावर."

चुलीपुढून रंगूबाई म्हणाली, "साहेब, आज नवम हाय. अडीचच्या आत काढा मानसं."

"नाही मावशी, दशमीच. यंदा नवमीचा क्षय आहे."

"क्षय म्हंजे?"

"म्हणजे ती तिथी गळली. काल अष्टमी, आज एकदम दशमी."

रंगूबाईनं फुंकणी खाली ठेवली. "तुमच्या कागदात गलली असंल. समिंदरात कशी गलंल?"

माणसं हसली. आणि इथे उपेंद्रला कुठली अवदसा आठवली कोण जाणे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते खोटं नाही. सव्वीस माणसांसमोर एक कोळीण आपलं पंचांग चुकलं म्हणते, हे त्याला सोसवेना. "मावशी," तो म्हणाला, "आमच्या घरात चार पिढ्या पंचांग आहे. त्यात चूक नाही निघायची." ज्या घराचं नाव दहा वर्षं या गावात लपवलं, त्याच घराचा तोरा त्यानं मिरवला. रंगूबाईनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "बरं," म्हणाली. पोशा कोपऱ्यात जाळं सांधत होता, त्यानं मानही वर केली नाही.

पंचांग बरोबरच होतं हो, चूक पंचांगाची नव्हतीच. तिथी सूर्योदयाला जी असेल ती दिवसभराची धरायची, आणि जी एकाही सूर्योदयाला सापडत नाही ती गळली म्हणायचं, हा भटजींचा हिशेब. व्रताला, श्राद्धाला तो चालतो. समुद्र काही सूर्योदयाला हजेरी घेत नाही. तो रोज पाऊण तास सरकतो. अष्टमीनंतर त्याची नवमी येणारच. हे उपेंद्रला कळत नव्हतं असं नाही. दहा वर्षांत क्षयाचा रविवार कधी आला नव्हता इतकंच, आणि कागद हातात असला की भटाच्या पोराला पाणी दिसत नाही.

तीनला पाच कमी असताना सगळे बुरुजावरून खाली आले तेव्हा खडक नव्हता. जिथून आले तिथे हिरवं पाणी हलत होतं आणि मधल्या एका उंच दगडावर बगळा उभा होता, तोही बघता बघता उडाला.

"साहेब, रस्ता कुठं गेला?" सावळीराम हळूच म्हणाला.

उपेंद्रनं बोटांवर मोजलं. आठ, नऊ. नऊची पाऊणपट पावणेसात. पावणेएकला ओहोटी. अडीचला रस्ता बंद. रंगूबाईनं सांगितलेलं 'अडीच' त्याच्या बोटावर येऊन थांबलं. शरम वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त राग आला तो नानांचा, ज्यांचा या सगळ्यात काडीचाही संबंध नव्हता.

पुढचा दीड तास त्यानं आयुष्यात काढलेला सगळ्यात लांब. एक गृहस्थ तावातावानं विचारत होते, तुम्ही माहितगार म्हणवता ना? एक बाई जपाला बसल्या. मुलांना आधी मजा वाटली, मग थंडी वाजू लागली. वारा उठला होता. सावळीराम विहिरीचं पाणी काढून सगळ्यांना पाजत होता आणि म्हणत होता, "काय नाय होत, लय झालं तर फुलं लावू इथं, मळा करू." कुणी हसलं नाही. उपेंद्र किनाऱ्याकडे तोंड करून उभा होता. दहा वर्षं तो इथे सुटायला यायचा. आज चहूबाजूंनी पाणी, आणि त्याच्या पाठीशी सव्वीस माणसं त्याच्या नावानं बोटं मोडत उभी.

कोळीवाड्यातल्या मोठ्या होड्या सगळ्या दर्यात गेल्या होत्या. राहिली होती पोशाची लहान, वल्ह्यांची. साडेचारला ती दिसली. वल्हवत होता पोशा, आणि पुढे बसला होता त्याचा मुलगा हिरा. बेटाला धक्का नाही. लाटा खडकावर आपटत होत्या, होडी टेकवली तर फुटायची. म्हणून पोशा छातीभर पाण्यात उतरला आणि होडीचं नाक दोन्ही हातांनी धरून खडकापासून हातभर लांब उभा राहिला. एकेक माणूस त्याच्या खांद्यावर हात टेकून आत चढलं. नऊ माणसं. हिरानं ती पोचवली आणि परत आला. तोवर पोशा पाण्यातच, खडकाला धरून. "वर या, पोशादादा," उपेंद्र म्हणाला. पोशा म्हणाला, "परत उतरायचं तर हायच." अशा तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीत उपेंद्र चढला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. पोशाचा खांदा त्याच्या हाताला लाकडासारखा गार लागला. होडीत बसल्यावर पोशाचे दात वाजत होते.

ओट्यावर चहा झाला. उपेंद्रनं रंगूबाईपुढे हात जोडले. ती म्हणाली, "मानसं आली ना सगली? मंग झालं." तासाभरात गाडी निघाली. खंत त्याला होती, पण खरं सांगायचं तर सुटकाही होती. कुणाला काही झालं नव्हतं. पाडव्याला महिना उरला होता.

पाडव्याला चार दिवस राहिले असताना, एका गुरुवारी, विश्वेश कुणाच्या वास्तुशांतीला मुंबईला गेला होता. उपेंद्रची सुट्टी होती. तो नानांना धरून घाटावर घेऊन गेला, त्यांना त्यांच्या जागेवर बसवलं, त्यांची पिशवी मांडली. पिशवीत रोज तीन वह्या असायच्या. दोन बदलत्या, तिसरी, निळ्या कापडातली, रोजचीच. उपेंद्र सवयीनं दोन पायऱ्या मागे जाऊन वर्तमानपत्र उघडून बसला.

दहाच्या सुमाराला सात-आठ माणसं पायऱ्या उतरून आली. बायांचे पदर डोळ्यांपर्यंत. एका पुरुषाच्या हातात लाल फडक्यानं तोंड बांधलेली लोटी. नानांना सावल्या दिसल्या असतील, पावलांचा आवाज तर आलाच.

"उपेंद्र, कुणी आलंय. विचार."

"नाना, मी नाही."

"मला दिसत नाही, विश्वेश नाही. ती माणसं दुःखात आहेत, चारी बाजूंनी ओढतील त्यांना. विचार, एवढं कर."

उपेंद्र उठला. त्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायरीकडे पाहत, बाराव्या वर्षानंतर पहिल्यांदा, तो म्हणाला, "कोण गाव? आडनाव काय?"

त्यानं मान वर केली. समोर रंगूबाई उभी होती. कपाळ मोकळं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी?"

लोटी हिराच्या हातात होती. उपेंद्रला काही विचारावं लागलं नाही. तो पायरीवर बसला. रंगूबाई त्याच्या शेजारी बसली, जशी ती खडकावर बसायची तशी. "तुमी गेलाव त्या राती ताप भरला," ती म्हणाली. "छातीत कफ धरला. तालुक्याला नेला, सुया दिल्या. सतरा दिस व्हता. तुमच्यावर नाय हो साहेब, वय झालं व्हतं त्याचं. मी म्हनले साहेबास्नी कलवू, तर तो बोलला, नको, त्याच्या जिवाला लागंल." मग जरा थांबून म्हणाली, "पडवीची कौलं घातली त्यानं आधीच. सारवून ठेवलीय मी. याल ना?"

एखादी शिवी दिली असती तिनं तर उपेंद्र ऋणी राहिला असता.

"आमचा सासरा सांगायचा," रंगूबाई नानांकडे वळून म्हणाली, "नाशकात मुळे भटाच्या वहीत आपलं नाव हाय. म्हनून पानदऱ्याहून आलाव. मुळे भट कुटं बसतात?"

"बसा, बाई," नाना म्हणाले. "उपेंद्र, निळी वही. एकशे बाविसावं पान."

दिसत नसलेल्या माणसानं पान सांगितलं. उपेंद्रनं वही सोडली. एकशे बाविसाव्या पानावर, पिवळ्या पडलेल्या कागदावर, वर मोडीत आणि खाली बाळबोधीत लिहिलं होतं: मौजे पाणदरे. त्याखाली माणसांमागून माणसं. त्यातलं एक नाव पोशाच्या बापाचं, शेजारी अंगठा.

"नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

"एक्क्याण्णव साली तू आल्यावर गाव सांगितलंस, तेव्हाच पान काढून बघितलं होतं. त्या दिवसापासून ही वही रोज आणतो. म्हटलं, कधीतरी येतीलच."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू तेही गाव सोडलं असतंस."

इतकी वर्षं उपेंद्र दिवाणावर कूस बदलत ज्या बेटाची स्वप्नं बघत होता, ते बेट त्याच्याच पाठीखाली ट्रंकेत होतं. शंख बदलून पळालेला खेकडा त्याच डबक्यात असतो, हे त्यानं कितीदा लोकांना दाखवलं होतं. स्वतःला कधी दाखवलं नव्हतं.

विधी झाला. मंत्र नाना म्हणत होते, पण दर्भ कुठे ठेवायचा, पिंड कुठल्या दिशेला, हे हिराला उपेंद्रनं दाखवलं. हात आपोआप चालत होते. अस्थी पाण्यात सोडताना हिराचा पाय शेवाळावरून सरकला तेव्हा उपेंद्र कंबरभर पाण्यात उतरला आणि त्याला खांद्याला धरून उभा राहिला, शेवटपर्यंत. फाल्गुनातलं गोदेचं पाणी गार होतं.

मग वही समोर आली. हिरा शाळेत गेलेला, त्याच्या हातात लेखणी दिली. त्यानं गाव लिहिलं, आज्याचं नाव, बापाचं नाव, वारल्याची तिथी. ती तिथी त्यानं उपेंद्रला विचारली नाही, आईला विचारली. "आता उपाध्यायाचं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. "उपेंद्र, विश्वेशचं नाव घालायचं असेल तर तसं सांग. माझी हरकत नाही. पाडवा चार दिवसांवर आहे. तू मोकळा आहेस अजून."

खरंच मोकळा होता. एक शब्द उच्चारायचा होता, 'विश्वेश'. अर्ज खणात होता, पडवी सारवलेली होती, आणि ती सारवणारी बाई समोर बसली होती.

"दुसरा कोन कशाला?" रंगूबाई म्हणाली. "हेच की आमचे. त्यानं शेवटाला हातानं होडीत आनला तो हाच मानूस. लिव रं, हिरा."

हिरानं 'उपेंद्र' लिहिलं. कुणी त्याला थांबवलं नाही. मग त्यानं मान वर केली. दहा वर्षं ज्याला तो एकलहरेवाले साहेब म्हणत आला, त्याच्याकडे बघून त्यानं साध्या आवाजात विचारलं, "साहेब, आडनाव काय लिवू?"

खाली पाण्यात कुणी यात्रेकरू बुडी मारत होते. उपेंद्रनं धोतर नेसलेलं नव्हतं, ऑफिसची पँट होती, ती ओली होऊन पायाला चिकटली होती.

"मुळे," तो म्हणाला.

हिरानं ते एकेक अक्षर दाबून, सावकाश लिहिलं. नानांनी शाईची डबी उघडली आणि दिसत नसतानाही ती बरोबर रंगूबाईच्या अंगठ्याखाली धरली.